कचरा कोणाच्या दारात?

हवामान बदल, पर्यावरण असे शब्द निघाले की आपल्या चळवळीतील अनेक कार्यकर्ते मान फिरवतात. अॅट्रॉसिटीचे खटले वर्षानुवर्षे पडून आहेत, पोरांची शिष्यवृत्ती थकली आहे आणि हे झाडापानांचे खूळ कशाला, असा त्यांचा सवाल असतो. हा सवाल अगदीच गैरलागू आहे असे आम्ही म्हणणार नाही. आपल्याकडे पर्यावरणाच्या नावाने जे चालते ते बहुतांशी पोट भरलेल्यांचे असते. वडाला सूत गुंडाळणारा, नदीला माता म्हणणारा समाज गावच्या सांडपाण्याचा उतार मात्र न चुकता दलित वस्तीकडे काढतो. अशा निसर्गप्रेमाशी आपले नाते जुळणार तरी कसे?

परंतु पर्यावरणाच्या प्रश्नाची दुसरीही एक परंपरा आहे. ती कोणा संस्थानिकाच्या शिकारखान्यातून निघालेली नाही. ती कृष्णवर्णीयांच्या चर्चमधून निघाली. तिची माहिती आपल्या वाचकांना असणे आवश्यक आहे.

अमेरिकेतील नॉर्थ कॅरोलिना राज्यात १९७८ च्या उन्हाळ्यात पीसीबी हे विषारी रसायन मिसळलेले ट्रान्स्फॉर्मरचे तेल दोनशेहून अधिक मैल रस्त्यांच्या कडेला रात्रीच्या अंधारात गुपचूप ओतण्यात आले. दोषींना शिक्षा झाली. पण ती विषारी माती उचलून टाकायची कुठे? शासनाने जागा निवडली ती वॉरेन काउंटीतील अॅफ्टन येथील. कृष्णवर्णीयांची बहुसंख्या, गरिबी, विहिरीचे पाणी पिणारे लोक आणि जमिनीखाली अवघ्या काही फुटांवर पाणी. जागा शास्त्रीय निकषांवर निवडली असे शासन सांगत होते. तेथील लोकांचे म्हणणे वेगळे होते. आमच्याकडे मते नाहीत, पैसा नाही, म्हणून आमची निवड झाली, असे ते म्हणत. प्रकरण न्यायालयात गेले. एनएएसीपी या कृष्णवर्णीयांच्या जुन्या संघटनेनेही दाद मागितली, पण स्थगिती मिळाली नाही.

सप्टेंबर १९८२ मध्ये मातीचे ट्रक निघाले तेव्हा कोली स्प्रिंग्ज बॅप्टिस्ट चर्चमधून मोर्चे निघू लागले. बाया-माणसे, शाळकरी पोरे रस्त्यावर आडवी पडली. बॅप्टिस्ट पाद्री होते, डॉ. मार्टिन ल्यूथर किंग यांच्या संघटनेचे जोसेफ लोअरी होते, युनायटेड चर्च ऑफ ख्राइस्ट या पंथाचे बेंजामिन चाव्हिस होते आणि स्थानिक गोरे रहिवासीही होते. सहा आठवड्यांत पाचशेहून अधिक लोकांना अटक झाली. ट्रक थांबले नाहीत, माती तेथेच पुरली गेली. ती जमीन शासनाला पुढे कोट्यवधी डॉलर खर्चून शुद्ध करावी लागली, पण तोवर एकविसावे शतक उजाडले होते.

म्हणजे ही लढाई हरलेली. मग आम्ही तिच्यावर एवढी शाई का खर्च करीत आहोत? कारण तुरुंगातून सुटलेल्यांनी पुढे केलेले काम. अटक झालेल्यांत वॉल्टर फॉन्ट्रॉय हे संसदेतील प्रतिनिधी होते, तेही पाद्रीच. त्यांच्या मागणीवरून संसदेच्या लेखा कार्यालयाने १९८३ मध्ये पाहणी केली, तेव्हा आग्नेयेकडील आठ राज्यांत घातक कचऱ्याच्या चार मोठ्या जागांपैकी तीन कृष्णवर्णीय बहुसंख्येच्या वस्त्यांत निघाल्या. त्यावर युनायटेड चर्च ऑफ ख्राइस्टच्या वांशिक न्याय आयोगाने सारा देश मोजायला घेतला. पोस्टाच्या पिनकोडनिहाय वस्ती कोणाची आणि विषारी कचरा कुठे, हे ताडून पाहिले. १९८७ मध्ये अहवाल निघाला. दर पाच कृष्णवर्णीयांपैकी तीन जण बेवारस विषारी कचऱ्याच्या जागा असलेल्या वस्तीत राहतात, हे त्यातून सिद्ध झाले. घातक कचऱ्याचा व्यावसायिक प्रकल्प कुठे असेल हे सांगणारा सर्वांत प्रभावी घटक गरिबी नव्हे तर वंश, असा त्याचा निष्कर्ष होता.

येथे एक गोष्ट आवर्जून नमूद केली पाहिजे. युनायटेड चर्च ऑफ ख्राइस्ट हा बहुसंख्येने गोऱ्यांचा पंथ आहे. गोऱ्यांच्या देणग्यांवर चालणाऱ्या चर्चने गोऱ्यांच्या व्यवस्थेचा पुरावा गोळा करून छापला! आपल्याकडच्या कोणत्या गडगंज देवस्थान ट्रस्टने डम्पिंगशेजारी कोणत्या जातीची माणसे राहतात हे मोजायला एक रुपया काढला आहे? वृक्षारोपणाचे फोटो हवे तेवढे मिळतील.

त्या अहवालातून पुढे १९९१ ची वॉशिंग्टनची परिषद झाली आणि १९९४ मध्ये राष्ट्राध्यक्ष क्लिंटन यांचा पर्यावरणीय न्यायाचा आदेश निघाला. तो आदेश ट्रम्प यांनी जानेवारी २०२५ मध्ये एका सहीने रद्द केला. मिळवलेले हक्क कसे काढून घेतले जातात हे आपल्या वाचकांना सांगण्याची गरज नाही.

आता आपल्या देशातले उदाहरण घेऊ. ओडिशातील नियमगिरी डोंगर हा डोंगरिया कोंध आदिवासींचा देव, नियमराजा. त्याच्या माथ्यावरचे बॉक्साइट वेदान्त कंपनीला हवे होते. फेब्रुवारी २०१० मध्ये चर्च ऑफ इंग्लंडने मानवी हक्कांचे कारण देऊन त्या कंपनीतील आपले शेअर विकले. क्वेकर पंथीयांच्या परंपरेतील जोसेफ राउंट्री ट्रस्टनेही तेच केले. डोंगराला देव मानणारा आदिवासी आणि लंडनचा बिशप यांची श्रद्धा एक नाही, व्हायचे कारणही नाही. पैसा कुठे गुंतला आहे एवढेच पाहायचे होते. १८ एप्रिल २०१३ रोजी सर्वोच्च न्यायालयाने निर्णय ग्रामसभांवर सोपवला, आदिवासींच्या धार्मिक हक्कांचाही विचार त्यांनीच करावा असे सांगितले, आणि बाराच्या बारा ग्रामसभांनी खाणीला नकार दिला.

या निकालाचा आम्हाला आनंद आहे, पण वकील म्हणून एक अडचण दिसते. वनहक्क कायद्याने आदिवासींना ग्रामसभेचा आधार दिला आणि त्यांचा देव कलम २५ खाली उभा राहिला. त्याच डोंगरात डोंब या दलित जातीचीही घरे आहेत. गावकुसाबाहेरच्या माणसाला ना देवराई, ना देवाचा डोंगर. त्याच्या वाट्याला आला तो उकिरडा. उकिरड्यासाठी कलम २५ कसे मागणार? आपला युक्तिवाद पावित्र्याचा असूच शकत नाही. तो समतेचा, कलम १४ चा असला पाहिजे, वॉरेन काउंटीसारखा. महाडला बाबासाहेबांनी चवदार तळ्याचे पाणी प्यायले ते तळे पवित्र होते म्हणून नव्हे.

कायद्याची वाट थोडी उघडलीही आहे. २१ मार्च २०२४ च्या रणजितसिंह निकालात सर्वोच्च न्यायालयाने हवामान बदलाच्या दुष्परिणामांपासून मुक्त राहण्याचा हक्क कलम १४ आणि २१ मधून येतो असे म्हटले. प्रकरण होते माळढोक पक्ष्याचे आणि विजेच्या तारांचे! माणसाचा हक्क पक्ष्याच्या खटल्यात मिळाला. असो. मिळाला तो वापरायचा.

२०१५ च्या पॅरिस परिषदेपूर्वी पोप फ्रान्सिस यांचे परिपत्रक निघाले, इस्तंबूलहून मुस्लिम विद्वानांचा जाहीरनामा निघाला, दलाई लामा आणि थिच न्हात हान्ह यांच्या सह्यांचे बौद्धांचे निवेदनही निघाले. ते सारे स्वागतार्हच आहे. गरिबांवर आधी घाव पडतो ही भाषा त्यांत आहे. जात शोधायला गेलात तर हाती काही लागणार नाही. ती भर आपणच घातली पाहिजे आणि ती निवेदनाने नव्हे, आकड्यांनी घालता येते.

मुंबईचा कचरा देवनारला पडतो आहे तो १९२७ पासून. महाडचा सत्याग्रह झाला तेच हे साल. शेजारच्या गोवंडीत दलित आणि मुस्लिम मोठ्या संख्येने राहतात. जानेवारी २०१६ मध्ये डम्पिंग पेटले तेव्हा धूर विहारात शिरला आणि मशिदीतही शिरला. २०२४ मध्ये राज्य शासनाने याच डम्पिंगची सुमारे १२४ एकर जागा धारावी पुनर्विकासातील अपात्र ठरणाऱ्यांच्या घरांसाठी देण्याचे ठरवले. अपात्र कोण ठरतात, हे वेगळे सांगायला नको.

येथे विहार, मशीद, चर्च यांनी एकत्र बसायचे तर कशासाठी? सर्वधर्म प्रार्थनेसाठी खुशाल बसावे, आमचा आक्षेप नाही. पण जयंतीच्या वर्गणीसाठी घर न् घर पालथे घालणाऱ्या आपल्या समित्यांना खोकला, दमा, क्षय यांची घरोघरी नोंद करणे अवघड नाही. शुक्रवारच्या नमाजानंतर मशिदीबाहेर तीच वही ठेवता येईल. येत्या जनगणनेत जातनिहाय नोंद होणार असल्याचे केंद्र शासनाने २०२५ मध्ये जाहीर केले. ते आकडे हाती येतील तेव्हा चर्चने १९८७ मध्ये केले तसे प्रभागनिहाय ताडून पाहता येईल. तोवर वही तयार हवी.

आणि मुदती लक्षात ठेवा. पर्यावरण मंजुरी लागणाऱ्या प्रकल्पाच्या जनसुनावणीची नोटीस किमान ३० दिवस आधी वृत्तपत्रात द्यावी लागते, त्यांपैकी एक प्रादेशिक भाषेतले असावे लागते. सुनावणीचे चित्रीकरण होते, तेथे बोललेले कागदावर येते, म्हणून बोललेच पाहिजे. मंजुरीविरुद्ध अपील करायचे तर राष्ट्रीय हरित न्यायाधिकरणाकडे ३० दिवसांत, सबळ कारण असल्यास आणखी ६० दिवस. इतर पर्यावरणीय वादासाठी ६ महिने. महाराष्ट्रासाठी खंडपीठ पुण्यात आहे.