गव्हर्नरकी संपल्यावर

१ जानेवारी १९२९ रोजी अल स्मिथ यांनी न्यूयॉर्क राज्याचं गव्हर्नरपद फ्रँकलिन रूझवेल्ट यांच्या हवाली केलं, तेव्हा स्मिथ यांचं वय ५५ होतं. अमेरिकेतला गव्हर्नर लोकांनी निवडलेला असतो आणि आपल्या मुख्यमंत्र्यासारखा राज्य चालवतो. स्मिथ चार वेळा निवडून आले होते. पण नोव्हेंबर १९२८ मध्ये राष्ट्राध्यक्षपदाच्या निवडणुकीत हर्बर्ट हूवर यांनी त्यांना सपाटून हरवलं. स्मिथ कॅथलिक आहेत यावरून प्रचारात अत्यंत विखारी बोललं गेलं होतं.

हा माणूस मुळात गरिबीतून वर आलेला. वडील वारले आणि शाळा सुटली. मग फुल्टनच्या मासळी बाजारात आठवड्याला १२ डॉलरवर नोकरी. १९११ साली न्यूयॉर्कमध्ये ट्रायँगल शर्टवेस्ट कारखान्याच्या आगीत १४६ कामगार गेले. बहुतेक तरुण मुली. त्यानंतर नेमलेल्या चौकशी आयोगावर स्मिथ होते. कारखान्याची दारं, जिने, कामाचे तास यांचे कायदे त्या आयोगामुळे झाले. माझ्या मते त्यांचं खरं मोठेपण इथे आहे.

पद गेल्यावर पुढे काय, हा प्रश्न जॉन रास्कोब यांनी सोडवला. रास्कोब हे जनरल मोटर्समधलं बडं प्रस्थ आणि १९२८ च्या प्रचारात स्मिथ यांचा मोठा आधार. फिफ्थ ॲव्हेन्यू आणि ३४ व्या रस्त्याच्या कोपऱ्यावरचं जुनं वॉल्डॉर्फ-ॲस्टोरिया हॉटेल पाडून तिथे जगातली सर्वांत उंच इमारत उभी करायची, असा बेत ठरला. कंपनीचे अध्यक्ष स्मिथ, पगार वर्षाला ५०,००० डॉलर. ऑगस्ट १९२९ मध्ये त्यांनीच एम्पायर स्टेट इमारतीची घोषणा केली. पैसा आणि हिशेब इतरांचा. स्मिथ यांनी घातली ती स्वतःची पत.

दोन महिन्यांत शेअर बाजार कोसळला. नोव्हेंबरमध्ये त्यांच्या एका बँकर मित्राने आत्महत्या केली. ठेवीदारांची झुंबड उडू नये म्हणून शनिवारी बँक बंद होईपर्यंत ती बातमी दाबून ठेवण्यात आली. पुढे त्या बँकेचं अध्यक्षपदही स्मिथ यांच्याकडे आलं.

बांधकाम मात्र थांबलं नाही. १७ मार्च १९३० ला सुरुवात झाली. ऐन भरात असताना दिवसाला ३,००० हून जास्त माणसं राबत होती आणि आठवड्याला साडेचार मजले चढत होते. १ मे १९३१ ला उद्घाटन झालं. फीत कापली स्मिथ यांच्या नातवंडांनी, आणि वॉशिंग्टनहून बटण दाबून दिवे लावले ते हूवर यांनी. टोकावर हवाई जहाजं बांधता येतील असा खांब उभारल्याची घोषणा स्मिथ यांनी केली होती. एवढ्या उंचीवरच्या वाऱ्यापुढे ती कल्पना टिकली नाही.

पण भाडेकरू कुठे होते? मंदीत कचेऱ्या बंद पडत होत्या. जागेचा जेमतेम चौथा हिस्सा भाड्याने गेला आणि लोक इमारतीला ‘एम्प्टी स्टेट’ म्हणू लागले. हात दिला तो ८६ व्या मजल्यावरच्या गच्चीने. पहिल्या वर्षी भाड्याइतकंच उत्पन्न तिच्या तिकिटांतून आलं. बड्या पाहुण्यांना स्मिथ स्वतः हिंडवून शहर दाखवत. आपल्या गावाचं कौतुक त्यांच्याइतकं मनापासून करणारा दुसरा माणूस मिळाला नसता.

या काळातलं त्यांचं राजकारण मात्र मला खटकतं. पुढे राष्ट्राध्यक्ष झालेल्या रूझवेल्ट यांच्या ‘न्यू डील’ या मंदीविरोधी कार्यक्रमातलं बरंच काही स्मिथ यांनीच न्यूयॉर्कमध्ये रुजवलेलं होतं. तरीही ते धनिकांच्या ‘अमेरिकन लिबर्टी लीग’मध्ये गेले, जानेवारी १९३६ मध्ये वॉशिंग्टनला न्यू डीलवर तुटून पडले आणि मग दोन निवडणुकांत स्वतःच्या पक्षाविरुद्ध गेले. जुने सहकारी दुखावले. श्रीमंतांची सोबत आणि आपल्या जागी आलेले रूझवेल्ट पुढे गेले याचा सल, दोन्ही त्यामागे असावं.

नागरिक म्हणून ते कुठेही कमी पडले नाहीत. मार्च १९३३ मध्ये, हिटलर सत्तेवर येऊन दोनच महिने झाले असताना, मॅडिसन स्क्वेअर गार्डनमधल्या निषेध सभेत ज्यूंच्या छळाविरुद्ध ते बोलले. डिसेंबर १९३४ मध्ये सेंट्रल पार्कमधलं प्राणिसंग्रहालय नव्याने उघडलं, तेव्हा त्यांचे जुने शिष्य रॉबर्ट मोझेस यांनी त्यांना रात्रीचे मानद अधीक्षक नेमून किल्ली दिली. तेव्हा त्यांचं घर समोरच होतं. रात्री जेवण झालं की पाहुण्यांना घेऊन स्मिथ दार उघडून आत जात आणि जनावरांशी गप्पा मारत.

मे १९४४ मध्ये पत्नी केटी गेल्या, ऑक्टोबरमध्ये स्मिथ. इमारत नफ्यात यायला १९५० साल उजाडावं लागलं.

मुलांकडे अमेरिकेला गेलेली आपली मंडळी त्या गच्चीवर हमखास जातात. तुम्ही गेलात तर खाली मॅनहॅटनच्या दक्षिण टोकाकडे, २५ ऑलिव्हर स्ट्रीटवरचं स्मिथ यांचं जुनं, साधं विटांचं घरही पाहून या. बाहेरून पाहिलंत तरी पुरे.