सर्व्हे झाला, आता दुकानात जाऊन बसा

परवा टीममधल्या एका नव्या मुलीने विचारलं, "सर्व्हे केलाय ना, मग दुकानात जाऊन बसायचं कशाला?"

तिला इन्ट्यूटची गोष्ट सांगितली. 1983 मध्ये अमेरिकेत सुरू झालेली ही कंपनी. क्विकन हे तेव्हा तिचं घरखर्चाचा हिशोब ठेवायचं सॉफ्टवेअर होतं. ते विकत घेणाऱ्यांची परवानगी काढून कंपनीची माणसं थेट त्यांच्या घरी जायची आणि वापरताना ते कुठे अडतात, हे बघत बसायची.

पुढे लक्षात आलं, की बरेच जण क्विकन चक्क धंद्याच्या हिशोबाला वापरतायत. धंद्यासाठीची सॉफ्टवेअर बाजारात होती की! पण ती डेबिट-क्रेडिट कळणाऱ्यांसाठी. छोट्या धंदेवाल्यांना ती भाषाच नको होती. त्यातून 1992 मध्ये क्विकबुक्स आलं.

मी बिलिंग अ‍ॅपवर काम करते. किराणा दुकानात तासभर बसलं की दिसतं: मालकाच्या हातात साखरेची पिशवी, समोर गिऱ्हाइकांची गर्दी, आणि अ‍ॅप विचारतंय गिऱ्हाइकाचा ईमेल! हे सर्व्हेच्या फॉर्ममध्ये कोण लिहिणार?

बघताना शिकवायला मात्र जाऊ नका. हात शिवशिवतात, पण गप्प बसा.

आणि "हे फीचर आवडेल का?" असं तर विचारूच नका. आपल्याकडे माणसं भिडेखातर हो म्हणतात. "गेल्या वेळी हे काम कसं केलंत?" असं विचारा, खरी अडचण बाहेर येते.

तुमचं प्रॉडक्ट कुठे अडलंय? बिनधास्त विचारा, जमेल तसं उत्तर देईन.