बुडी मारण्यापूर्वीची धडधड

ज्यास चांगलें पोहतां येतें त्यास पाण्याची भीति कसली, असा प्रश्न आपल्या घरांतून सहज विचारला जातो. विहिरींत सूर मारणारी, तलावाच्या दहा फेऱ्या न थांबतां करणारी घरांतील एखादी मुलगी पाठीवर हवेची टाकी घेऊन समुद्रांत बुडी मारण्याचें, म्हणजे ज्यास स्कूबा म्हणतात त्याचें, रीतसर शिक्षण घेते, प्रमाणपत्र मिळविते, आणि पुढें सहा महिन्यांनीं अंदमानांत स्वराज द्वीपाजवळ नावेच्या कांठावर बसली असतां तिच्या पोटांत एकाएकीं गोळा उठतो. तोंडास कोरड पडते. शिकतांना जें दहा वेळां केलें तें आज आपल्याच्यानें होणार नाहीं असें तिला वाटूं लागतें. घरच्या मंडळींस हें सांगावें, तर वडीलधारीं म्हणणार, "तरी आम्ही सांगत होतों!" आणि भावंडें म्हणणार, "भित्री कुठली!" म्हणून ती कोणासच कांहीं सांगत नाहीं. आमच्या मतें खरा धोका आहे तो या न सांगण्यांत.

धडधडीस कारण आहे, आणि तें लाजिरवाणें मुळींच नाहीं. पोहणारानें लहानपणापासून एकच धडा गिरविलेला असतो: पाण्याखालीं तोंड मिटून धरावयाचें. येथें त्याच तोंडानें पाण्याखालीं श्वास घ्यावयाचा. शरीर या आज्ञेस सहजासहजीं मान देत नाहीं. मालवण-तारकर्लीस पुष्कळ कुटुंबें हौसेनें एखादी बुडी मारून येतात, त्यांची गोष्ट वेगळी. तेथें शिक्षक पाहुण्यास अखेरपर्यंत धरून असतो. पाहुण्यानें मासे पाहावे आणि परत यावें. प्रमाणपत्र मिळालें कीं तो हात सुटतो. हवा किती उरली, खोली किती झाली, जोडीदार कोठें आहे, हें सारें आपणच पाहावयाचें. तेव्हां हौशी पाहुण्यापेक्षां नव्यानें शिकलेल्या माणसास भीति अधिक वाटावी, यांत नवल नाहीं. त्याला आपली जबाबदारी कळूं लागलेली असते.

ज्या साधनावर जीव सोंपवावयाचा त्याची ओळख असली म्हणजे मन बरेंच स्थिर होतें. फ्रान्समध्यें जाक कूस्तो आणि एमील गान्यां यांनीं १९४३ सालीं जें उपकरण सिद्ध केलें, त्याच्याच तत्त्वावर आजचा रेग्युलेटर चालतो. समुद्रांत दर दहा मीटरांस वातावरणाच्या दाबाइतका दाब वाढतो. म्हणजे दहा मीटरांवर तो पृष्ठभागाच्या दुप्पट होतो. रेग्युलेटर टाकींतील हवा त्या त्या खोलीच्या दाबानें, आणि आपण श्वास ओढूं तेव्हांच देतो. म्हणून छातीवर दगड ठेवल्यासारखें वाटत नाहीं.

परंतु यंत्रापेक्षां श्वासाची गोष्ट महत्त्वाची. घाबरलेला मनुष्य भराभर आणि उथळ श्वास घेतो. त्यामुळें कार्बन डायऑक्साइड पुरता बाहेर पडत नाहीं. तो सांचला म्हणजे टाकी भरलेली असूनहि हवा पुरत नाहींसें वाटतें. आणि तसें वाटलें कीं श्वास आणखी जलद होतो. हें चक्र एकदां सुरू झालें म्हणजे चांगला शिकलेला मनुष्यहि कधीं कधीं मास्क ओढून काढतो आणि वर धांव घेतो. पूरक, कुंभक आणि रेचक हे शब्द मुंज झालेल्या मुलासहि ठाऊक असतात. त्यांपैकीं येथें कामास येतो तो रेचक. नावेवर बसल्या बसल्याच श्वास सावकाश आंत घ्यावा आणि त्याहून सावकाश, फुंकर घातल्यासारखा, बाहेर सोडावा. कुंभक मात्र सर्वथा वर्ज्य! दहा मीटरांवर छातीभर घेतलेली हवा कोंडून कोणी वर आला, तर पृष्ठभागाशीं येईपर्यंत ती दुप्पट जागा मागते. फुप्फुस फाटून प्राणावर बेतूं शकतें. प्राणायामाचा ज्यांना अभ्यास आहे त्यांनीं हें विशेष ध्यानांत ठेवावें, कारण श्वास रोखण्याची त्यांस संवय असते. पाण्याखालीं कांहीं बिघडलें तर शिकविणारे एक क्रम सांगतात: थांबा, श्वास घ्या, विचार करा, मग हालचाल करा. हातपाय शेवटीं येतात, हें आम्हांस फार आवडलें.

"भीति वाटते" एवढें म्हणून भागत नाहीं. कशाची, तें स्वतःस विचारावें. बहुधा उत्तर लहानसें निघतें. कान दुखतील, ही एक भीति. पहिल्या दहा मीटरांत हवेचें आकारमान निम्म्यावर येतें, पुढच्या दहांत निम्म्यावरून तृतीयांशावर. म्हणून कान जपावयाचे ते आरंभीं. दुखूं लागण्यापूर्वींच नाक चिमटींत धरून हळूच फुंकावें. कान मोकळा झाला नाहीं तर थोडें वर येऊन पुन्हा पाहावें. जोर करूं नये. पडसें असेल तर त्या दिवशीं बुडीचा विचारच सोडावा. मास्कमध्यें पाणी शिरेल, ही दुसरी. त्याची वरची कड कपाळाशीं दाबून नाकानें श्वास सोडला कीं पाणी खालून निघून जातें. सहा महिन्यांत हें केलेलें नसेल तर आधीं उथळ पाण्यांत शिक्षकासमोर पुन्हा करून पाहावें. आणखी एक गंमत अशी कीं, घाबरलेल्याची छाती हवेनें फुगलेली असते, म्हणून तो खालीं जात नाहीं. मग तो कमरेस जास्त शिसें बांधून घेतो. आणि खालीं गेल्यावर तेंच शिसें त्यास तळाकडे ओढून दमवितें. शिसें वाढविण्याआधीं श्वास सोडून पाहावा.

आतां मुख्य गोष्ट. बुडी मारणारांत एक नियम मानला जातो: कोणीहि, केव्हांहि, कोणत्याहि कारणानें बुडी रद्द करूं शकतो, आणि त्यास जाब विचारावयाचा नाहीं. अगदीं उडी टाकण्याच्या क्षणींसुद्धां. पाण्याखालीं आंगठा वर केला कीं सर्वांनीं वर निघावयाचें. (आंगठा दाखवून "छान!" म्हणण्याची आपली संवय येथें घोटाळा करते; "ठीक आहे" म्हणावयाचें तर आंगठा व तर्जनी यांचें वर्तुळ करावें.) हा नियम भित्र्यांच्या सोयीसाठीं केलेला नाहीं. परतीची वाट मोकळी आहे हें ठाऊक असलेला मनुष्य स्वस्थ चित्तानें उतरतो. ज्यास ती बंद वाटते तो दांतओठ खाऊन उडी टाकतो आणि आठ मीटरांवर त्याचा धीर सुटतो. म्हणून आमच्या मुलीनें शिक्षकास सरळ सांगावें, "मी नवी आहें, मागची बुडी सहा महिन्यांपूर्वींची, आणि मला धडधडतें आहे." चांगला शिक्षक मग उथळ जागा निवडतो आणि दोरीला धरून सावकाश उतरवितो. ज्यास हें ऐकून हंसूं येतें त्याच्याबरोबर जाऊंच नये. सावकाश श्वास घेऊनहि धडधड वाढतच राहिली, तर त्या दिवशीं नावेवरच बसावें. दमा, हृदयविकार, गरोदरपण यांतील कांहीं असेल तर तें प्रकृतीच्या फॉर्मवर लपवूं नये; डॉक्टरांस आधीं विचारावें. आणि घरच्या मंडळींनीं "एवढे पैसे भरले आहेत" हें वाक्य त्या दिवसापुरतें गिळावें.

परतीच्या तिकिटांविषयीं एक सूचना. दाबाखालीं शरीरांत विरघळलेला नायट्रोजन बाहेर पडण्यास वेळ लागतो. म्हणून अनेक बुड्या झाल्यावर निदान अठरा तास विमानांत बसूं नये. श्रीविजयपुरम्‌हून, म्हणजे पूर्वींच्या पोर्ट ब्लेअरहून, निघण्याआधींचा एक दिवस मोकळा ठेवावा. त्या दिवशीं मुलीनें आपली नोंदवही लिहावी: शिसें किती घेतलें, कान कोठें अडला, हवा किती उरली, आणि धडधड कितव्या मिनिटास थांबली. पुढच्या खेपेस नावेच्या कांठावर बसण्याआधीं तीच वही चाळावयास मिळते.