सामू, क्षार आणि आयन : अल्कलाइन पाण्याची परिभाषा

पाण्याची चिंता पुण्याच्या कसबा पेठेला नवी नाही. अठराव्या शतकाच्या मध्यास, नानासाहेब पेशव्यांच्या अमलात, कात्रजच्या तलावातून भूमिगत नळाने शहरात पाणी आणण्याची जी तजवीज झाली तिच्या हौदांवर येथील कित्येक पिढ्यांनी घागरी भरल्या; पुढे खडकवासल्याचे धरण झाले, पर्वतीला जलशुद्धीकरणाची सोय झाली; आणि १२ जुलै १९६१ रोजी पानशेतचे धरण फुटले तेव्हा नदीकाठच्या याच पेठांनी पाण्याचे रौद्र रूपही पाहिले. या सर्व काळात घरातील माणसे पाण्याविषयी विचारीत ते प्रश्न साधे असत : पाणी येते किती वाजता, गढूळ आहे की स्वच्छ, आणि उकळून प्यावे की नाही. अलीकडे मात्र त्याच स्वयंपाकघरांत अगदी निराळी परिभाषा ऐकू येते. ओट्यावर एक यंत्र मांडले जाते, त्याची किंमत कधी लाखाच्या घरात जाते, आणि ‘अल्कलाइन’, ‘आयोनाइज्ड’, ‘ओआरपी’, ‘टीडीएस’ असे शब्द अशा खात्रीने उच्चारले जातात की, ऐकणाऱ्या गृहिणीस वा निवृत्त गृहस्थास त्यांचा अर्थ विचारण्याचाही संकोच वाटावा. हे शब्द खोटे नाहीत. त्यांतील प्रत्येक शब्द कशाचे तरी प्रामाणिक मापन करतो. घोटाळा होतो तो, ज्या गोष्टीचे मापन तो शब्द करीतच नाही तिचा पुरावा म्हणून तो पुढे केला जातो तेव्हा.

प्रथम ‘अल्कलाइन’ हाच शब्द घेऊ, कारण मराठीत त्याला एक जादा अडचण चिकटली आहे. बोअरवेलच्या पाण्याने बादलीला पांढरा थर धरला, डाळ शिजेनाशी झाली, की आपण ‘पाण्यात क्षार फार आहेत’ असे म्हणतो; आणि अल्कलाइन पाण्यालाही ‘क्षारयुक्त पाणी’ म्हणण्याची रीत पडली आहे. वस्तुतः या दोन निरनिराळ्या गोष्टी आहेत. पहिलीत विरघळलेल्या लवणांचे प्रमाण अभिप्रेत असते, आणि टीडीएसचा आकडा त्याचाच अंदाज देतो. दुसरीत पाण्याचा आम्लारिधर्म अभिप्रेत असतो, आणि तो सामूने, म्हणजे ज्याला आपण पीएच म्हणतो त्याने, व्यक्त होतो. मिठाच्या पाण्याचा टीडीएस हजारोंत असूनही सामू सातच्या आसपास राहतो. ऊस पिकविणारा आपला शेतकरी हा भेद पूर्वीपासून जाणतो : लवणे साचलेली जमीन ती खारवट, आणि सोडियमने बिघडून सामू चढलेली जमीन ती चोपण, असे तो वेगळे सांगतो आणि दोहोंवर उपायही वेगळे करतो. शहरातील सुशिक्षित ग्राहकाने हा विवेक सोडून द्यावा असे काही कारण नाही.

सामूची कल्पना १९०९ साली कोपनहेगनच्या कार्ल्सबर्ग प्रयोगशाळेत सोरेन सोरेनसन या रसायनशास्त्रज्ञाने मांडली. ही मोजपट्टी सरळ चढत नाही, दसपटीने चढते; म्हणजे सामू आठचे पाणी सातच्या पाण्यापेक्षा दहापट आम्लारिधर्मी, आणि नऊचे शंभरपट. ‘शंभरपट’ या शब्दानेच पुष्कळ माणसे दिपून जातात. परंतु शंभरपट कशाच्या, हे पाहिले पाहिजे. साडेनऊ सामूच्या एक लिटर पाण्यात जे हायड्रॉक्साइड आयन असतात ते सर्व मिळून दीड सामूच्या जठररसाचे अवघे एक मिलिलिटर, म्हणजे चमच्याच्या तळाशी मावेल इतके आम्ल निष्प्रभ करू शकतात. आणि जठर तर दिवसाला दीड-दोन लिटर रस स्रवते. पाण्यातील बायकार्बोनेट यापेक्षा बरेच अधिक आम्ल सोसते हे खरे, पण ते नळाच्या पाण्यातही असतेच. उलट खाण्याचा सोडा एक ग्रॅम पाण्यात विरघळविला तर त्या पाण्याचा सामू जेमतेम सव्वाआठ-साडेआठ भरेल, तरीही वरील हायड्रॉक्साइडच्या साडेतीनशे पटींहून अधिक आम्ल तो शोषील. सामू तीव्रता सांगतो, साठा सांगत नाही. आम्ल शोषण्याच्या साठ्याला रसायनशास्त्रात निराळे माप आहे आणि प्रयोगशाळेच्या अहवालात ते कॅल्शियम कार्बोनेटच्या मिलिग्रॅममध्ये निराळ्या ओळीत लिहिलेले असते. या सगळ्या प्रकरणात एकच गोष्ट ध्यानात ठेवायची असेल तर तीव्रता व साठा यांतील हा भेद ठेवावा, असे मला मनापासून वाटते.

यावरून पुढचा आणि सर्वांत घातक गैरसमज उलगडतो : ‘शरीर आम्लयुक्त झाले आहे, ते अल्कलाइन करावयाचे.’ निरोगी माणसाच्या रक्ताचा सामू ७.३५ ते ७.४५ या अरुंद मर्यादेत राहतो. फुप्फुसे कर्बवायू बाहेर टाकून आणि मूत्रपिंडे आम्ल व बायकार्बोनेट यांचा हिशेब सांभाळून तो तेथे राखतात. पेलाभर पाण्याने तो ढळत नाही आणि ढळावा अशी इच्छाही कोणी धरू नये, कारण या मर्यादेबाहेर रक्त गेले तर तो रुग्णालयात तातडीने दाखल होण्याचा प्रसंग असतो. मधुमेही माणसाच्या रक्तात केटोआम्ले साचतात तेव्हा नेमके हेच घडते, आणि त्यावर इन्शुलिन व शिरेतून द्रव हाच उपाय असतो. आठ दिवस यंत्राचे पाणी प्यायल्यावर लघवीत बुडविलेल्या पट्टीचा रंग पालटला, असे दाखविले जाते तेही खरे असू शकते. परंतु आहारातील जादा आम्ल वा आम्लारी बाहेर टाकणे हे मूत्रपिंडाचे नित्याचेच काम आहे, आणि पालटलेल्या रंगावरून ते काम नीट चालू आहे एवढाच निष्कर्ष निघतो. कर्करोगाच्या बाबतीत ऑटो वॉरबर्ग यांच्या नोबेल पारितोषिकाचा दाखला हमखास दिला जातो. वॉरबर्ग यांना १९३१ साली पारितोषिक मिळाले ते पेशींच्या श्वसनातील विकराच्या शोधाबद्दल; आम्लयुक्त शरीरात कर्करोग होतो आणि अल्कलाइन पाण्याने तो हटतो, असे सिद्ध केल्याबद्दल नव्हे. कर्करोग, मधुमेह अशा व्याधी बऱ्या करण्याचा दावा जाहिरातीतून करण्यास आपल्या देशात १९५४ च्या औषधे व जादूई उपाय (आक्षेपार्ह जाहिराती) अधिनियमाने मनाई केली आहे, हे दिवाणखान्यात असा दावा ऐकणाऱ्याने विसरू नये.

आता यंत्राकडे वळू. त्यात प्लॅटिनमचा मुलामा दिलेल्या टायटॅनियमच्या पट्ट्या असतात, त्यांमध्ये एक पडदा असतो, आणि नळाच्या पाण्यातून विद्युतप्रवाह जातो. ऋणाग्रापाशी हायड्रोजन वायू सुटतो, हायड्रॉक्साइड उरते, आणि कॅल्शियम-मॅग्नेशियम तिकडे ओढले जातात. ही झाली अल्कलाइन धार. धनाग्रापाशी प्राणवायू सुटून पाणी आम्लधर्मी होते. तेथे पाण्यातील क्लोराइडपासून हायपोक्लोरस आम्लही बनू शकते, आणि ते खरोखर उत्तम जंतुनाशक आहे. विद्युत-अपघटनाचा हा प्रयोग निकोल्सन आणि कार्लाइल यांनी १८०० साली केला, आणि आयन हा शब्द फॅरेडेने १८३४ साली रूढ केला; तेव्हा यात गूढ असे काही नाही. आयन तर प्रत्येक पाण्यात असतात. तांबट आळीत मठारकाम करून घडविलेल्या तांब्याच्या घागरीत रात्रभर पाणी ठेवले तर त्यातही तांब्याचे अल्प आयन उतरतात आणि जंतूंचा नाश करतात. पण म्हणून ते पाणी औषधी ‘आयोनाइज्ड’ होत नाही, आणि त्याच भांड्यात कल्हईवाचून ताक वा चिंचेचे सार ठेवले तर तेच आयन अपायकारक प्रमाणात उतरतात. शिवाय प्रवाह वाहून नेण्यास पाण्यात लवणे हवीत. आरओने लवणे काढून टाकलेले पाणी या यंत्रास चालत नाही, ही गोष्ट दोन्ही यंत्रे घेऊन बसलेल्या कुटुंबास पुष्कळदा उशिरा कळते.

याच तत्त्वावर एक प्रात्यक्षिक घरोघर दाखविले जाते. नळाच्या पाण्याचा एक पेला आणि आरओच्या पाण्याचा एक पेला शेजारी ठेवून, लोखंड व ॲल्युमिनियमच्या कांड्या बसविलेले एक छोटे उपकरण दोहोंत बुडवितात. दोन मिनिटांत नळाच्या पेल्यात तपकिरी-हिरवट गाळ उसळतो, आणि ‘ही तुमच्या पाण्यातील घाण’ असे सांगितले जाते. तो गाळ पाण्यातला नसून कांड्यांचा आहे : प्रवाहाने झिजलेले लोखंडच तेथे हायड्रॉक्साइड होऊन तरंगते. दुसऱ्या पेल्यातून प्रवाह जाऊ शकत नाही म्हणून तो स्वच्छ राहतो. त्यात चिमूटभर मीठ टाकावे आणि कांड्या पुन्हा बुडवाव्या. तोही तसाच तपकिरी होईल. चहाची पत्ती अल्कलाइन पाण्यात अधिक गडद रंग देते तेही असेच. हळदीच्या डागाला साबण लागताच तो लाल होतो हे कसब्यातल्या प्रत्येक गृहिणीने पाहिले आहे. सामूप्रमाणे वनस्पतींचे रंग बदलतात, आणि त्यावरून औषधी गुण सिद्ध होत नाही.

ओआरपी म्हणजे एखाद्या द्रावात इलेक्ट्रॉन घेण्याची वा देण्याची प्रवृत्ती, मिलिव्होल्टमध्ये मोजलेली. यंत्राच्या पाण्यात विरघळलेल्या हायड्रोजनमुळे हा आकडा ऋण येतो, आणि पाणी उघडे ठेवले की काही तासांत तो ओसरतो. तो आकडा हायड्रोजनचे प्रमाणही नीट सांगत नाही, मग शरीरातील वार्धक्य थांबविण्याची शक्ती कोठून सांगणार? उलट नळाच्या पाण्याचा धन आकडा दोषास्पद मानला जातो, वास्तविक तो त्यातील क्लोरीनमुळे आलेला असतो, आणि तेच क्लोरीन आपले कॉलरा-विषमज्वरापासून रक्षण करीत असते. ‘सूक्ष्म पुंजक्यांचे पाणी पेशींत लवकर शिरते’ या विधानाबद्दल फार लिहिण्याची गरज नाही : पाण्याच्या रेणूंमधील बंध सेकंदाच्या अब्जांश भागाहूनही कमी वेळात तुटतात व पुन्हा जुळतात, बाटलीत भरून नेता येईल असा पुंजका अस्तित्वातच नाही.

भारतीय मानक १०५०० प्रमाणे पिण्याच्या पाण्याचा सामू ६.५ ते ८.५ असावा, आणि यंत्रे तो साडेनऊपर्यंत नेतात. याचा अर्थ ते पाणी विषारी आहे असा नव्हे. वरची मर्यादा चव, नळात धरणारा थर आणि क्लोरीनचा प्रभाव यांकडे पाहून ठरते, कारण सामू वाढला की क्लोरीनची जंतुनाशक शक्ती मंदावते. न्यायाने हेही सांगितले पाहिजे की, जपानमध्ये १९६० च्या दशकापासून अशा यंत्रांना घरगुती वैद्यकीय साधन म्हणून मान्यता आहे, पण ती अपचन, आम्लाधिक्य अशा पोटाच्या मोजक्या तक्रारींपुरती, आणि ८.८ सामूच्या पाण्याने पेप्सिन हा पाचक विकर निष्क्रिय होतो असे प्रयोगशाळेतील पात्रात आढळले आहे, जरी जठरातील स्थिती त्या पात्रापेक्षा फार वेगळी असते.

ज्या प्रश्नाने पुणेकराची झोप उडावी तो मात्र निराळाच आहे. २०२५ च्या जानेवारीत सिंहगड रस्त्याच्या परिसरात गुइलेन-बॅरे सिंड्रोम या मज्जातंतूंच्या विकाराचे रुग्ण एकाएकी वाढले, आणि संशय पिण्याच्या दूषित पाण्यावर गेला. तेव्हा पाण्याचा सामू किती, हे विचारून कोणाचेही रक्षण होणार नव्हते. विद्युत-अपघटनाने जंतू, नायट्रेट वा आर्सेनिक यांचा निरास होतो असे मानू नये. यंत्रास जोडलेली गाळणी जेवढे काढील तेवढेच निघेल. अमेरिकेच्या नेवाडा राज्यात २०२० साली बाटलीबंद अल्कलाइन पाणी पिणाऱ्या काही बालकांची यकृते एकाएकी निकामी होऊ लागली, आणि त्या पाण्यात पुढे हायड्राझिन हे विषारी द्रव्य सापडले. सामूचा आकडा तेथेही आकर्षकच होता. ज्यांची मूत्रपिंडे दुर्बल आहेत, किंवा जे जठरातील आम्ल कमी करणारी औषधे नित्य घेतात, त्यांनी तर असे पाणी सुरू करण्यापूर्वी आपल्या डॉक्टरांस अवश्य विचारावे.

नळाच्या पाण्याविषयी शंका असेल तर ते उकळावे, आणि इमारतीची टाकी धुऊन घ्यावी. पाणी तपासून घ्यावयाचे असेल तर राज्य आरोग्य प्रयोगशाळा पुण्यातच आहे. मात्र जंतुपरीक्षेसाठी नमुना घरच्या बाटलीत नेऊ नये. प्रयोगशाळेकडून मिळणारी निर्जंतुक बाटली मागून घ्यावी, कारण क्लोरीनचा प्रभाव तेथल्या तेथे थांबविण्यासाठी तिच्यात सोडियम थायोसल्फेट घातलेले असते, आणि ते नसेल तर वाटेत क्लोरीनने जंतू मरून अहवाल फसवा येतो.