गर्दीवाचूनचा हंगाम

‘हंगाम’ हा शब्द आपल्याकडे फारसीतून आला. त्याचा अर्थ वेळ, नेमका काळ. त्याच घराण्यातला दुसरा शब्द ‘हंगामा’. त्याचा अर्थ गर्दी, गलबला, आरडाओरडा. शब्दकोशात ही भावंडे शेजारीशेजारी बसतात, आणि आमच्या कोल्हापुरात तर ती एकमेकांना सोडून कधी राहिलीच नाहीत. येथे वर्षाकाठी दोन हंगाम येतात. एक उसाच्या गाळपाचा आणि दुसरा फुटबॉलचा. दोन्ही दिवाळीच्या मागेपुढे अंग धरतात, दोन्हींत भरपूर रस निघतो आणि दोन्हींत गावाच्या डोळ्याला डोळा लागत नाही.

पुण्यामुंबईच्या वाचकांना कोल्हापूर म्हटले की कुस्ती आठवते, आणि ते योग्यच आहे. परंतु मौज अशी की, ज्या तालमींत मल्ल घडले त्याच तालमींच्या नावांनी येथे फुटबॉलचे संघ उभे राहिले. पाटाकडील तालीम, खंडोबा तालीम, दिलबहार तालीम, बालगोपाल तालीम ही नावे ऐकून परगावच्या माणसाला लाल माती आठवते. आमच्या पोरांना मात्र राजर्षी शाहू स्टेडियमची हिरवळ आठवते. कोल्हापूर स्पोर्ट्‌स असोसिएशनच्या, म्हणजे सर्वतोमुखी ‘केएसए’च्या सामन्याला येथे प्रेक्षक जात नाहीत, पेठ जाते. झेंडे जातात, हलगी जाते, कधीकधी भांडणही जाते, आणि मग त्यामागून पोलीसही जातात. सामना संपल्यावर पंच कसा आंधळा होता याचा खल चहाच्या गाड्यावर रात्री उशिरापर्यंत चालतो.

अशा गावाला मार्च २०२० मध्ये कोणी सांगितले की, खेळा किंवा खेळू नका, पण गर्दी करू नका! मासळीला पोहण्याची मोकळीक देऊन पाणी काढून घेण्याचाच हा प्रकार.

तशी चाहूल आधी गोव्यातून लागली. १४ मार्च २०२० रोजी मडगावच्या फातोर्डा मैदानावर ‘इंडियन सुपर लीग’चा अंतिम सामना झाला. कोलकात्याच्या एटीके संघाने चेन्नईला ३–१ असे हरवले. पण ते पाहायला मैदानात प्रेक्षक नव्हते, दारे बंद होती. देशातील दुसरी मोठी स्पर्धा ‘आय-लीग’. तिचे २८ सामने खेळायचे राहिले ते राहिलेच. मोहन बागानचे विजेतेपद तेवढे आधीच निश्चित झाले होते, म्हणून तो निकाल कायम झाला. २५ मार्चपासून देशभर टाळेबंदी आली, आणि शाहू स्टेडियमसुद्धा गप्प झाले.

माझ्या बी.ए.च्या वर्गात तेव्हा एक मुलगा होता. पेठेच्या संघात बचावाला खेळे, आणि वर्गात नेहमी मागच्या दाराजवळ बसे. सरावाची वेळ झाली की निसटायला बरे. पेठेच्या फुटबॉलमध्ये अलीकडे पैसा आला आहे. परगावचे, क्वचित परदेशचेही खेळाडू येतात, स्पर्धांना बक्षिसे असतात. या मुलाला हंगामात चार पैसे मिळत आणि त्यांवर घरातले बरेच काही भागे. टाळेबंदीत मी त्याला फोन केला आणि वडिलकीने म्हणालो, “अरे, एक हंगाम बुडाला म्हणून काय झाले? पुढच्या वर्षी खेळशील.” तो थोडा वेळ थांबला आणि म्हणाला, “सर, ऊस एक साल बुडाला तर परत लावता येतोय. वय कुठं लावायचं?”

या प्रश्नाला माझ्या एम.ए.च्या कुठल्याही पेपरात उत्तर नव्हते. पण गंमत पाहा, हाच प्रश्न त्या वेळी साऱ्या जगापुढे पडला होता. थांबलेला हंगाम पुन्हा सुरू करावा की नाही? हॉलंडने एप्रिल २०२० मध्ये हंगाम गुंडाळला आणि त्या वर्षी कोणालाच विजेता म्हटले नाही. फ्रान्सनेही खेळ थांबवला, पण तोवरच्या गुणांवर पॅरिसच्या संघाला विजेता ठरवले. जर्मनीने मात्र वेगळी वाट धरली. १६ मे २०२० रोजी, साऱ्या युरोपातल्या मोठ्या स्पर्धांच्या आधी, तिथली ‘बुंडेसलीगा’ पुन्हा सुरू झाली. इंग्लंड १७ जूनला सुरू झाले, आणि लिव्हरपूलने तीस वर्षे ज्या विजेतेपदाची वाट पाहिली ते आठवडाभराने रिकाम्या खुर्च्यांच्या साक्षीने त्याच्या पदरात पडले.

कोणी विचारील, माणसे दवाखान्यांत तळमळत असताना ही चेंडूची हौस कशाला? हा प्रश्न जर्मनीतही अनेकांनी विचारला, आणि तो विचारायलाच हवा होता. सामान्य माणूस तपासणीसाठी रांगेत उभा, आणि खेळाडूंची मात्र दर थोड्या दिवसांनी तपासणी, हे कोणाच्याही मनाला टोचणारच. पण दुसरी बाजूही नीट पाहावी. व्यावसायिक संघाचा संसार मुख्यतः दूरचित्रवाणीच्या हप्त्यांवर चालतो. सामने नाहीत तर हप्ता नाही, आणि हप्ता नाही तर केवळ गडगंज खेळाडूच नव्हे, तर हिरवळ कापणारा माळी, कपडे धुणारा, मालिश करणारा, गाडी हाकणारा, यांच्या चुलीही थंड होतात. जर्मनीतले कित्येक संघ दिवाळखोरीच्या उंबरठ्यावर आले होते. तेव्हा ही नुसती हौस नव्हती, रोजीरोटीही होती. मात्र ती कमावताना दुसऱ्याचा जीव धोक्यात घालायचा नाही, एवढी अट होती. ड्रेस्डेनच्या संघात रुग्ण सापडले तेव्हा सबंध संघाला चौदा दिवस घरी बसवले गेले, हे त्या अटीचेच पालन.

पण रिकाम्या मैदानाने एक नवेच सत्य शिकवले. आपल्या मैदानावर खेळणारा संघ जास्त जिंकतो, हे जगभर मानले जाते. जर्मनीत हंगाम पुन्हा सुरू झाल्यावर पहिल्या फेरीत नऊ सामने झाले, आणि त्यांत यजमान संघ जिंकला फक्त एकदा! पुढे अभ्यासकांनी निरनिराळ्या देशांचे आकडे तपासले. प्रेक्षक नसताना यजमानांचा फायदा घटला होता, इतकेच नव्हे, तर पाहुण्या संघाला पिवळी कार्डेही कमी मिळाली होती. म्हणजे ओरडणारी गर्दी पंचाच्या शिट्टीतही फुंकर घालते! हे शास्त्रज्ञांना तेव्हा उमगले. आमच्या पेठेतल्या शेंबड्या पोरालाही ते जन्मापासून ठाऊक असते. ग्लाडबाखच्या चाहत्यांनी तर आपली पुठ्ठ्याची चित्रे करून खुर्च्यांवर बसवली. इंग्लंडच्या प्रक्षेपणात ध्वनिमुद्रित गलबला मिसळण्यात आला. भूक लागल्यावर ताटाचे चित्र पाहावे, तसे ते होते.

आणि मग हे सारे आमच्या उंबऱ्याशी आले. घाट उतरला की गोवा. नोव्हेंबर २०२० मध्ये ‘इंडियन सुपर लीग’चा नवा हंगाम सबंध गोव्यातच भरवला गेला. अकरा संघ, एकशे पंधरा सामने, आणि मैदाने तीनच: फातोर्डा, बांबोळी आणि वास्कोचे टिळक मैदान. संघांनी आधी विलगीकरणात राहायचे, मग आपापल्या हॉटेलातून फक्त सरावाला आणि सामन्याला बाहेर पडायचे, वरचेवर तपासणी करून घ्यायची आणि बाहेरच्या माणसाला भेटायचे नाही. या व्यवस्थेला नाव दिले ‘बायो-बबल’. मला, मराठीच्या मास्तराला, याची मोठी मौज वाटली. आमच्या संतांनी शतकानुशतके बुडबुडा म्हटला तो क्षणभंगुरतेचा दाखला म्हणून. आणि येथे माणसे सुरक्षिततेसाठी बुडबुड्यात शिरली! पण तो बुडबुडा २० नोव्हेंबरपासून १३ मार्चपर्यंत, जवळजवळ चार महिने टिकला. त्यात आमच्या कोल्हापूरचा अनिकेत जाधवही होता. २०१७ साली भारतात झालेल्या सतरा वर्षांखालील विश्वचषकात तो देशाकडून खेळला होता. या हंगामात तो जमशेदपूरच्या संघात होता. आपल्या मातीतला मुलगा घाटाखाली खेळत होता, पण त्याला पाहायला गावातून एकही गाडी जाऊ शकत नव्हती.

ते सामने आम्ही घरी पाहिले. शेजारचे आबा कधीमधी मुखपट्टी लावून आमच्या व्हरांड्यात खुर्ची टाकून बसत आणि उघड्या खिडकीतून पाहत. आबा तरुणपणी तालमीच्या संघाचे गोलकीपर होते. त्यांच्या बोटांची दोन पेरे आजही सरळ होत नव्हती. पहिलाच सामना पाहताना ते एकाएकी पुढे वाकले आणि म्हणाले, “मास्तर, चेंडूचा आवाज ऐकू येतोय. पन्नास वर्षं खेळलो, बघितलं, पण चेंडूला आवाज असतोय हे आज कळलं.”

१३ मार्च २०२१ चा अंतिम सामना आम्ही असाच पाहिला. मुंबई सिटी विरुद्ध एटीके मोहन बागान. आपल्या महाराष्ट्राचा संघ, म्हणून आबांनी त्या दिवशी मुंबईलाच पेठ मानले होते. पूर्वार्धात मुंबईचा तरुण बचावपटू अमेय रानवडे प्रतिस्पर्ध्याशी जोरात आदळला आणि निश्चेष्ट पडला. खेळ थांबला. रुग्णवाहिका हिरवळीवर आली. एरवी अशा वेळी हजारो माणसे श्वास रोखतात, आणि मुलगा हलला की टाळ्यांनी त्याला निरोप देतात. तेथे कोणी नव्हते. आबा पुटपुटले, “पोरगं पडलंय, आणि त्याच्या नावानं हाक मारायला कुणी न्हाई.” मुलगा पुढे बरा झाला, पुन्हा खेळलाही. सामन्याच्या नव्वदाव्या मिनिटाला बिपिन सिंगने गोल केला, मुंबई २–१ अशी जिंकली, पहिल्यांदाच विजेती झाली. आबा उठून उभे राहिले, दोन्ही हात वर केले, आणि इकडेतिकडे पाहून पुन्हा खाली बसले. मिठी मारायला शेजारी माणूसच नव्हता.

त्यानंतर दोन महिन्यांत दुसऱ्या लाटेत आबा गेले. ज्या माणसाने उभे आयुष्य गर्दीत काढले, ज्याच्या नावाने एके काळी सारी गॅलरी ओरडत होती, त्याला पंचगंगेकाठी पोहोचवायला पालिकेचे कर्मचारी आणि घरचे दोघे एवढेच होते. आम्ही दारातूनच हात जोडले. नियम बरोबर होता, आणि तो पाळणेही बरोबर होते, याबद्दल माझ्या मनात तेव्हा शंका नव्हती, आजही नाही. पण बरोबर असलेल्या गोष्टीचीही किंमत असते, आणि ती कोणी मोजली हे विसरू नये, इतकेच.

म्हणूनच ‘हंगाम सुरू केला ते योग्य की अयोग्य’ या वादात मला एका शब्दात उत्तर देता येत नाही. गोव्यात खेळले ते योग्य केले. कारण ते सर्वांपासून दूर राहू शकत होते, आणि घरात कोंडलेल्या लाखो माणसांना संध्याकाळचे दोन तास त्यांनी दिले. पेठेला वाट पाहावी लागली, तेही योग्यच झाले. कारण पेठेला बुडबुड्यात बसवता येत नाही. येथील खेळाडू सकाळी दुकानात असतो, दुपारी कॉलेजात, संध्याकाळी मैदानावर आणि रात्री म्हाताऱ्या आजीच्या शेजारी. खेळाडूला पेठेपासून वेगळे काढा, की पेठेचा फुटबॉलच उरत नाही.

शिवाय बुडबुडा तो बुडबुडाच. पुढचा हंगामही गोव्यातच झाला, आणि जानेवारी २०२२ मध्ये बंदोबस्तातूनही आजार आत शिरला; सामने पुढे ढकलावे लागले. मात्र २० मार्च २०२२ च्या अंतिम सामन्याला फातोर्डाची दारे प्रेक्षकांना उघडली. हैदराबादने केरळला पेनल्टींवर हरवले. अनिकेत जाधव त्या हंगामात हैदराबादच्या संघात होता. दूरचित्रवाणीवर दोन वर्षांनी खरा गलबला ऐकला, आणि चेंडूचा आवाज ऐकू येईना, याचा मला विलक्षण आनंद झाला.

या गावाला असे विखुरणे नवे नव्हे. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस प्लेग आला तेव्हा शाहू महाराजांच्या कारकिर्दीत लोकांना गाव सोडून मोकळ्या रानात झोपड्यांत राहावे लागले होते. आणि त्याच राजाने पुढे, १९१२ साली, हजारो माणसांनी मांडीला मांडी लावून कुस्ती पाहावी म्हणून खासबागेचे मैदान उभारले. साथीत माणसे दूर करायची ती पुन्हा जवळ आणण्यासाठी, हे या गावाने तेव्हाच शिकून ठेवले आहे.

शाहू स्टेडियम पुन्हा भरले. हलगी वाजली, पंच पुन्हा आंधळे ठरले. माझा तो विद्यार्थी मात्र त्या भरल्या मैदानात खेळला नाही. मधल्या काळात त्याने शिरोलीच्या कारखान्यात नोकरी धरली. पाळ्या फिरत्या, सराव जमेना. त्याची जागा दुसऱ्याने घेतली आणि तो गॅलरीत आला. व्यावसायिक खेळाडूच्या थांबलेल्या हंगामाची काळजी करायला मालक होते, हप्ते होते, करार होते. पेठेच्या मुलाच्या थांबलेल्या हंगामाची काळजी करायला कोण होते? पुन्हा कधी असा काळ आला, आणि तो येऊ नये, तर प्रत्येक तालमीच्या वर्गणीच्या पेटीत चार पैसे अशा मुलांसाठी बाजूला असावेत. झेंड्याला, फटाक्यांना आपण जितके काढतो त्याच्या निम्म्याने हे भागेल.

दिवाळी झाली की आमच्याकडे हंगामाची चाहूल लागते. वाचकहो, फराळ उरकून कधी कोल्हापूरला आलात तर एखादा सामना जरूर पाहा. कोणता संघ चांगला, ते विचारू नका. ज्या पेठेत उतराल तिचाच संघ चांगला. गॅलरीत जागा मिळणार नाही, कोणीतरी पायावर पाय देईल, कोणीतरी कानाशी ओरडेल. रागावू नका. मधे दोन वर्षे आम्ही याच धक्काबुक्कीसाठी तळमळलो होतो.