तळणीचा दोन मिनिटांचा अंधार

अकोल्याच्या किंवा अमरावतीच्या एखाद्या कारखान्यापाशी वेल्डर लोखंडाचे दोन तुकडे सांधत असलेला वाचकांनी पाहिलाच असेल. त्या झोताकडे उघड्या डोळ्यांनी पाहू नये, हे आपण पोरांना बजावतो. पण त्या झोतात असते तरी काय? धातूची वाफ, आणि तीही इतकी तापलेली की तिच्या अणूंतले इलेक्ट्रॉन सुटे झालेले! या अवस्थेला प्लाझ्मा म्हणतात. सूर्य हा त्याच अवस्थेतील प्रचंड गोळा.

त्याची उष्णता मोजायची कशी? तिथे कोणता तापमापक टिकणार? तेव्हा प्रकाशालाच विचारावे लागते. लोलकातून प्रकाशाचा वर्णपट उलगडला, की प्रत्येक मूलद्रव्य त्यात आपल्या रेषांची सही करते.

अशी एक मोलाची सही आपल्या वऱ्हाडात टिपली गेली. २२ जानेवारी १८९८ रोजी खग्रास ग्रहणाची छाया विजयदुर्गावरून जेऊरमार्गे वऱ्हाडात आली. धामणगाव आणि पुलगाव यांच्यामधल्या तळणी या लहानशा स्टेशनाजवळ ब्रिटिश ॲस्ट्रॉनॉमिकल असोसिएशनच्या मंडळींनी तळ दिला होता. त्यांत मॉन्डर दांपत्य होते आणि जॉन एव्हरशेड हा हौशी संशोधकही होता. हाती वेळ अवघी दोन मिनिटांच्या आसपास. एखादा ढग आडवा आला असता, तर हजारो मैलांचा प्रवास फुकट!

पण आकाश निरभ्र राहिले. सूर्याची शेवटची कड झाकली जाताच, एरवी काळ्या दिसणाऱ्या रेषा क्षणभर तेजाने झळकल्या. लोह, कॅल्शियम, मॅग्नेशियम यांच्या वाफांच्या त्या रेषा. एव्हरशेडने त्या काचेवर पकडल्या. शिवाय हायड्रोजनच्या रेषांची रांग जिथे संपते, त्या ३६४६ अँगस्ट्रॉमच्या पलीकडे एक अखंड फिकट उजेडही उमटला. सुटा इलेक्ट्रॉन हायड्रोजनच्या केंद्राला पुन्हा जाऊन मिळतो, त्याचाच तो उजेड. मात्र हा उलगडा बोरच्या १९१३ मधील अणुकल्पनेनंतरच होऊ शकला. ‘प्लाझ्मा’ हे नावदेखील लँगम्यूरने १९२८ मध्ये दिले!

१९२० मध्ये मेघनाद साहांनी कोणत्या उष्णतेला किती अणू फुटतात याचे समीकरण मांडले. पण ते विरळ वायूचे. दाटीच्या प्लाझ्मात शेजारी शेजाऱ्याला स्वस्थ बसू देत नाही. रेषा रुंदावतात, रांगेच्या टोकाच्या रेषा एकमेकींत मिसळून जातात. शेवटची सुटी रेषा कितवी, यावरून दाटी किती ते काढण्याची रीत इंग्लिस आणि टेलर यांनी १९३९ मध्ये दिली. नुसत्या दाबानेही अणू फुटतात, हे गणित दौलतसिंग कोठारींनी १९३८ मध्ये मांडले होते.

आज हीच विद्या मंगळावर पोचली आहे. २०१२ मध्ये तेथे उतरलेली क्युरिऑसिटी गाडी लेसरने खडकाचा कण पेटवते आणि त्या ठिणगीचा वर्णपट वाचून खडकात कोणती द्रव्ये आहेत ते सांगते.

अकोल्याहून नागपूरकडे जाताना धामणगाव मागे पडले, की क्षणभर खिडकीबाहेर पाहा. त्या रानात एकदा भरदुपारी अंधार पडला होता आणि त्या अंधारात काही माणसे प्रकाशाची अक्षरे टिपत उभी होती.