एका दिवसाचे धुळे

युरोपातील एखादे शहर एकट्याने, पायी आणि एकाच दिवसात पाहणे हा आज प्रवासाचा एक स्वतंत्र प्रकार मानला जातो, आणि त्यामागे तेथील शहरांची घडण जितकी आहे तितकीच त्या शहरांविषयी लिहिल्या गेलेल्या मार्गदर्शिकांची परंपराही आहे. जुन्या तटबंदीच्या आत वसलेला गावठाणाचा भाग अर्ध्या-पाऊण तासात एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत चालून जाता येतो, नदी, बाजारचौक, प्रार्थनामंदिरे आणि संग्रहालये हाकेच्या अंतरावर असतात, आणि एकोणिसाव्या शतकात कार्ल बेडेकर या जर्मन प्रकाशकाने महत्त्वाच्या स्थळांवर तारांकित खुणा करून काढलेल्या छोटेखानी पुस्तकांमुळे परक्या गावात वाटाड्यावाचून फिरण्याचे धैर्य सामान्य प्रवाशाला मिळाले. त्याच शतकात पॅरिसच्या साहित्यात ‘फ्लानर’ रूढ झाला, म्हणजे ज्याला कुठेही वेळेवर पोहोचायचे नाही, पण ज्याचे डोळे उघडे आहेत, असा रस्तोरस्ती हिंडणारा एकटा माणूस. खानदेशात असा दिवस कोणत्या शहरात घालवता येईल, असे विचारले तर धुळ्याचे नाव सहसा कोणाच्या तोंडी येणार नाही. मुंबई–आग्रा आणि सुरत–नागपूर हे दोन महामार्ग जेथे एकमेकांना छेदतात ते गाव, कोर्टकचेरीचे, दवाखान्याचे आणि लग्नाच्या बस्त्याचे गाव, अशीच त्याची ओळख आहे, आणि बाहेरचा माणूस तेथे काम उरकण्यासाठी उतरतो, पाहण्यासाठी नव्हे. ही ओळख खोटी नाही, अपुरी मात्र नक्कीच आहे.

पायी फिरण्याला धुळे सोयीचे आहे याचे कारण त्याच्या जन्मकथेत सापडते. अठराव्या शतकाच्या अखेरीपर्यंत धुळे हे लळिंग परगण्याच्या अंमलाखालचे एक सामान्य खेडे होते, आणि १८०३ मध्ये होळकरांच्या स्वाऱ्या व त्या वर्षीचा भीषण दुष्काळ यांमुळे ते पार ओस पडले. पुढच्याच वर्षी विंचूरकरांचे कारभारी बाळाजी बळवंत यांनी ते पुन्हा वसवले आणि सोनगीर व लळिंग या दोन परगण्यांचा कारभार तेथून चालवण्यास सुरुवात केली. १८१८ मध्ये पेशवाई संपून खानदेश इंग्रजांच्या ताब्यात गेला, तेव्हा जिल्ह्याची व्यवस्था लावण्यासाठी आलेल्या कॅप्टन जॉन ब्रिग्ज या अधिकाऱ्याने मुख्य ठाणे म्हणून धुळ्याची निवड केली. हेच ब्रिग्ज पुढे फरिश्ताच्या फारसी इतिहासाचे इंग्रजी भाषांतरकार म्हणून प्रसिद्ध झाले. त्यांना दिसलेले धुळे हे नदी आणि पाटाचे पाणी वाहून नेणारा कालवा यांच्यामध्ये दाटलेले, बागाईत शेतीने वेढलेले लहानसे गाव होते आणि १८१९ मध्ये त्याची वस्ती ४०१ घरे व २,५०९ माणसे एवढीच होती. जानेवारी १८१९ मध्ये कचेऱ्या बांधण्याची मंजुरी मिळाल्यावर ब्रिग्ज यांनी लांबलांबून कारागीर आणवले, सुमारे २७ हजार रुपये खर्चून इमारती उभ्या केल्या, व्यापाऱ्यांना घरासाठी कायमच्या बिनभाड्याच्या जागा दिल्या आणि पक्की घरे बांधण्यासाठी आगाऊ रकमाही दिल्या. नव्या पेठेतील रस्ते रुंद आणि सरळ आखले गेले, तर जुने धुळे आपल्या वाकड्यातिकड्या बोळांसह जसेच्या तसे राहिले.

सरळ रस्त्यांचे शहर म्हटले की सुशिक्षित वाचकाला पॅरिसचे ओस्मान आठवतात, परंतु ओस्मान यांनी पॅरिसची जुनी वस्ती फोडून मोठे रस्ते काढण्याचे काम १८५३ मध्ये हाती घेतले, म्हणजे धुळ्याच्या नव्या पेठेनंतर तब्बल चौतीस वर्षांनी. या तुलनेला फार ताणू नये, कारण एकीकडे जगाची राजधानी म्हणवणारे महानगर आहे आणि दुसरीकडे अडीच हजार वस्तीचे गाव, आणि भारतातच जयपूरची चौकटीची आखणी १७२७ मध्ये झाली होती. तरीही धुळ्याच्या रस्त्यांना ‘युरोपची नक्कल’ म्हणून मोडीत काढणाऱ्याने तारखा तपासून पाहाव्यात. धुळ्याची आखणी मोक्षगुंडम विश्वेश्वरय्या यांनी केली, ही समजूतही गावात आणि गावाबाहेर घट्ट रुजलेली आहे. विश्वेश्वरय्यांचा जन्म १८६१ चा, म्हणजे नवी पेठ उभी राहिल्यानंतर चाळीस वर्षांनी झालेला असल्यामुळे ते श्रेय त्यांच्याकडे जाऊ शकत नाही. त्यांचा धुळ्याशी खरा संबंध पाण्याचा आहे. १८८४ मध्ये मुंबई इलाख्याच्या बांधकाम खात्यात रुजू झाल्यावर तरुण अभियंता म्हणून त्यांच्याकडे आलेल्या पहिल्या मोठ्या कामांपैकी एक काम पांझरेच्या पाण्यासाठी नळाचा सायफन घालण्याचे होते. सायफन म्हणजे वाटेतल्या ओढ्याच्या तळाखालून बंद नळाने पाणी पलीकडे नेऊन दाबाच्या बळावर पुन्हा जवळजवळ मूळ उंचीवर चढवण्याची युक्ती, आणि ती पावसाळ्यात, ओढ्याला पूर येत असताना, अमलात आणणे हे नवख्या माणसाची कसोटी पाहणारे काम होते.

एकट्या पायी प्रवाशाने धुळ्यात हिवाळ्यात यावे, कारण वैशाखात पारा चाळिशी ओलांडतो आणि दुपारी बारानंतर रस्त्यावर चालणे हा हौसेचा भाग राहत नाही. जळगावहून एरंडोल, पारोळामार्गे एसटीने सुमारे ९० किलोमीटरचे अंतर आहे, तर रेल्वेने येणाऱ्याला चाळीसगावला गाडी बदलावी लागते, आणि १९०० मध्ये सुरू झालेला हा चाळीसगाव–धुळे फाटा आजही शहराच्या मुख्य रेल्वेसंपर्काचे काम करतो. सकाळी आठच्या सुमारास आग्रा रोड आणि पाच कंदील या भागातून सुरुवात केली तर दुकानांच्या फळ्या उघडण्याआधी इमारतींचे वरचे मजले नीट दिसतात. दुकानांचे फलक दिवसा सगळे झाकून टाकतात, म्हणून ही वेळ महत्त्वाची ठरते. येथील गल्ल्यांना क्रमांक आहेत आणि गावकरी पत्ता सांगताना ‘गल्ली नंबर चार’, ‘गल्ली नंबर सहा’ असेच सांगतात, त्यामुळे नकाशा जवळ नसलेला परकाही दोन-तीन गल्ल्या ओलांडल्यावर आपण कोठे आहोत हे ओळखू शकतो. गल्लीत उभे राहून पाहिले तर जुन्या घराची ठेवण लक्षात येते. रस्त्यापासून दोन-तीन पायऱ्या उंच असलेला ओटा, त्यावर लाकडी खांब, मधोमध जाड दाराची चौकट आणि वर पुढे आलेला सज्जा, आणि त्याच ओळीत मधूनच काच आणि अॅल्युमिनियमची नवी दुकाने. सरळ गल्लीतून जुन्या धुळ्याच्या बोळात शिरताच पावलांचा वेग आपोआप मंदावतो, कारण पुढचे वळण दिसत नाही, आणि आखलेले गाव व वाढलेले गाव यांतील फरक पुस्तकापेक्षा येथे लवकर समजतो.

दुपारच्या जेवणाबाबत फार शोधाशोध करण्याची गरज नाही. काळ्या मसाल्याचा झणझणीत रस्सा आणि त्यात अगदी ताटात वाढताना टाकलेली जाड तिखट शेव, ही शेवभाजी धुळ्याच्या साध्या खानावळीत उत्तम मिळते, आणि शेव आधी टाकली तर तिचा लगदा होतो, हे जाणणारा वाढपी ती मागितल्याशिवाय घालत नाही. सोबत कळण्याची भाकरी, म्हणजे ज्वारी आणि उडीद एकत्र दळून केलेली भाकरी, मिळाल्यास पोळीकडे वळू नये.

दिवसाचा सर्वांत मोठा वाटा मात्र दोन संस्थांना द्यावा लागतो, आणि धुळे पाहण्यासारखे का आहे याचे उत्तरही तेथेच आहे. इतिहासाचार्य विश्वनाथ काशिनाथ राजवाडे हे गावोगाव फिरून, वाड्यांच्या माळ्यांवर आणि कोनाड्यांत पडलेली कागदपत्रे मिळवून, त्यांवरून इतिहास लिहिणारे संशोधक होते. ‘मराठ्यांच्या इतिहासाची साधने’ या त्यांच्या मालेचा पहिला खंड १८९८ मध्ये निघाला आणि एकूण २२ खंड प्रसिद्ध झाले. १९१० मध्ये पुण्यात भारत इतिहास संशोधक मंडळ स्थापन करण्यात त्यांचा पुढाकार होता, पण आयुष्याच्या अखेरीस ते धुळ्यास आले आणि ३१ डिसेंबर १९२६ रोजी तेथेच त्यांचे निधन झाले. त्यांनी मागे ठेवलेला संग्रह विस्कटू नये म्हणून पुढच्याच वर्षी, १९२७ मध्ये, भास्कर वामन भट यांच्यासारख्या स्थानिक अभ्यासकांच्या पुढाकाराने राजवाडे संशोधन मंडळ उभे राहिले आणि त्याच्या ‘संशोधक’ या नियतकालिकातून साधने प्रसिद्ध होऊ लागली. दुसरी संस्था म्हणजे श्रीसमर्थ वाग्देवता मंदिर. धुळ्याचे वकील शंकर श्रीकृष्ण देव यांनी १८९३ मध्ये सत्कार्योत्तेजक सभा स्थापन केली आणि महाराष्ट्रभर विखुरलेल्या रामदासी मठांतून समर्थ संप्रदायाची हस्तलिखिते गोळा करण्यात हयात घालवली. डोमगावच्या मठातील, समर्थशिष्य कल्याणस्वामींच्या हातच्या दासबोधावरून त्यांनी १९०५ मध्ये काढलेली आवृत्ती अभ्यासकांत प्रमाण मानली गेली. समर्थांच्या हस्ताक्षरातील म्हणून परंपरेने मानले जाणारे वाल्मीकी रामायणही याच संग्रहात आहे.

जुने हस्तलिखित जवळून पाहणे हा घाईने उरकण्याचा प्रकार नाही. पोथी ही आजच्या पुस्तकासारखी शिवलेली नसते. लांबट, सुटी पाने एकावर एक रचून वर-खाली लाकडी फळ्या ठेवतात आणि सगळे कापडात बांधतात, तर दप्तरातील कागद ‘रुमाल’ नावाच्या गाठोड्यात असतात. देवनागरी पोथीत ओळी काटेकोर समास सोडून आखलेल्या असतात आणि चुकलेले अक्षर हरताळ या पिवळ्या खनिजाने झाकून त्यावर पुन्हा लिहिलेले दिसते, आणि असे एखादे पिवळे ठिपके असलेले पान दिसले की लेखनिकाचा हात कोठे अडखळला हे तीनशे वर्षांनंतरही कळते. दप्तरातील मोडी कागद मात्र वेगळ्या जातीचे आहेत. मोडी म्हणजे हात न उचलता भराभर लिहिण्यासाठी व्यवहारात रुळलेली लिपी, आणि ती न शिकलेल्याला त्या कागदावर फक्त शाईची धावती रेघ दिसते. संस्था लहान आहेत, मनुष्यबळ बेताचे आहे, म्हणून आधी पत्र किंवा दूरध्वनी करून जावे. युरोपात संग्रहालयाच्या दारावर वेळा आणि सुटीचा वार छापलेले असतात, येथे ती माहिती विचारून घ्यावी लागते. तुलनेत धुळे कमी पडते ते येथेच, संग्रहात नव्हे.

धुळ्याच्या कारागृहाची भिंतही याच पायवाटेवर येते. आत जाता येत नाही आणि जाण्याचे कारणही नाही, परंतु २१ फेब्रुवारी ते १९ जून १९३२ या काळातील अठरा रविवारी विनोबा भावे यांनी याच तुरुंगात गीतेच्या अठरा अध्यायांवर प्रवचने दिली आणि सहबंदी असलेल्या साने गुरुजींनी ती बोलता बोलता उतरून घेतली. ‘गीता प्रवचने’ या नावाने पुढे अनेक भाषांत गेलेले हे पुस्तक अमळनेरच्या एका शिक्षकाच्या वेगवान लेखणीमुळे वाचले. कागद जमवणाऱ्या दोन माणसांच्या गावात हा तिसरा कागद तुरुंगात तयार झाला, हा योगायोग एवढ्यावर सोडून द्यावा.

उन्हे कलू लागल्यावर पांझरेकडे जावे. नदीपलीकडे देवपूर आहे आणि काठावर एकवीरा देवीचे देऊळ, जेथे चैत्रात यात्रा भरते. पांझरेचे पाणी पूर्वीपासून छोट्या बंधाऱ्यांनी अडवून शेतीला दिले जात असे, आणि त्या व्यवस्थेला फड पद्धत म्हणतात. बंधाऱ्याखालचे रान मोठ्या तुकड्यांत, म्हणजे फडांत, वाटले जाते, एका फडात सगळ्या खातेदारांनी एकच पीक घ्यायचे, पिके आळीपाळीने फिरवायची, आणि पाणी सोडणाऱ्या पाटकऱ्याचा मेहनताना गावाने मिळून द्यायचा. ब्रिग्ज यांना गावालगत दिसलेला कालवा याच पाटांच्या जगातला होता, म्हणून नदीवर उभे राहिल्यावर सकाळच्या गल्ल्यांची सुरुवात कोठून झाली हे समजते.

एकटेपणाबाबत मात्र युरोप आणि खानदेश यांत खरा फरक आहे. व्हिएन्नात किंवा लिस्बनमध्ये दिवसभर एकट्याने हिंडणाऱ्याला कोणी हटकत नाही, धुळ्यात मात्र एकाच ओट्यापुढून दोनदा जाणाऱ्याला ‘कोठे जाई राहिना भाऊ?’ असे अहिराणीत विचारले जाते, आणि नुसते गाव पाहायला आलो, हे उत्तर बहुतेकांना पटत नाही. पुरुषाला या चौकशीतून चहा मिळतो आणि गल्लीची वंशावळही कळते. एकट्या स्त्रीला तीच चौकशी अनेकदा पहाऱ्यासारखी वाटते, आणि निरर्थक हिंडण्याचा हक्क तिला आपल्या लहान शहरांनी अजून मोकळेपणाने दिलेला नाही. हे धुळ्यापुरते नाही, जळगावातही तसेच आहे. तेथे अडचण निराळीही आहे. रेल्वे आणि १८६० च्या दशकातील कापसाच्या तेजीने वाढलेले जळगाव पसरट आहे, आणि २०१२ मध्ये जैन हिल्सवर सुरू झालेले गांधी तीर्थ हे त्याचे मोठे संग्रहालय गावाबाहेर असल्याने वाहनाशिवाय दिवस पुरत नाही.

लळिंगचा किल्ला धुळ्यापासून जेमतेम दहा किलोमीटरवर, मुंबई–आग्रा रस्त्यालगत आहे आणि संध्याकाळी तो उरकून घेण्याचा मोह होतो, पण तो टाळावा. १३९९ मध्ये फारुकी घराण्याच्या मलिक राजाने मरताना थाळनेर धाकट्या मुलाला आणि लळिंग थोरल्या नासिरखानाला दिले, तेव्हापासून या डोंगराला स्वतःचा इतिहास आहे. त्याच परिसरातील लांडोर बंगल्यावर डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या मुक्कामाच्या स्मरणार्थ दरवर्षी ३१ जुलैला हजारो लोक जमतात. किल्ल्याची चढण आणि बंगला यांना मिळून एक वेगळी सकाळ लागते, आणि ती धुळ्याच्या दिवसातून कापून घेतली तर हस्तलिखितांच्या खोलीतला वेळ कमी होतो.